मागच्या पायांचा आधारपट्टा : हरणीच्या अंगाला बसेपर्यंत

हा अभिप्राय कुत्र्याच्या मागच्या पायांना आधार देणाऱ्या एका पट्ट्याविषयी आहे. गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस मी तो ऑनलाइन मागवला, १,८५० रुपये मोजले, पहिल्याच आठवड्यात परत पाठवण्याच्या बेतात होते आणि आज तो आमच्या सोप्यात खुंटीला छत्रीशेजारी टांगलेला असतो. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक थंडी वापरून झाल्यावर लिहीत आहे, कारण घेण्याआधी मी जे अभिप्राय वाचले ते बहुतेक खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले दिसत होते आणि त्यांत पट्ट्याच्या रंगाचेच कौतुक अधिक होते.

आमची हरणी मुधोळ जातीची असून तिचे वय १३ वर्षे आणि वजन २३ किलो आहे. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत ही जातही आहे. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, असे हे पळण्यासाठी घडलेले शरीर आहे. हे वर्णन मी हौसेने करत नाही. पट्ट्याचे निम्मे गुणदोष या अंगकाठीशी निगडित आहेत. आमचे घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले जुने, सोप्यातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या. पाच वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने खडबडीत शहाबादी फरशी काढून आरशासारख्या टाइल्स बसवल्या आणि त्या हौसेची किंमत हरणी मोजते आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या दिवाळीपासून ती बसली की उठताना मागचे पाय दोन बाजूंना फाकू लागले, आणि एकदोनदा तर ती तशीच बसून राहून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने दुसरीकडे पाहू लागली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेले आणि कंबरेच्या मणक्यांच्या कडांना हाड वाढलेले दिसले. मूत्रपिंड आणि यकृत यांसाठी रक्त तपासल्यानंतरच त्यांनी वेदनाशामक गोळी सुरू केली आणि एक गोष्ट दोनदा बजावली : घरात कोणाच्या गुडघ्यांसाठी आणलेली गोळी हिला द्यायची नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शेजारच्या काकूंनी मायेने पुढे केलेली पाकिटे मी त्यानंतर हात जोडून परत करते. गोळीने दुखणे उतरले, पण मांड्यांचे मांस आधीच गेले होते आणि ते परत यायचे तर हरणीने चालायला हवे होते. पाय घसरतात म्हणून ती चालत नव्हती आणि चालत नाही म्हणून पाय आणखी बारीक होत होते. पट्टा घेतला तो या फेऱ्यातून तिला बाहेर काढण्यासाठी.

वस्तू अशी आहे : दोन्ही मांड्यांभोवती बसणारे दोन फास, त्यांना जोडणारी ओटीपोटाच्या मागच्या भागाखालची गादी, कंबरेवरून जाणारा एक पट्टा आणि वर लांबी कमीजास्त करता येणारी मूठ. पट्टे नायलॉनचे, बक्कल प्लास्टिकचे, आतून स्पंज आणि त्यावर जाळीचे कापड. शिवण चांगली आहे. मुठीपाशी चौकोन काढून त्यात फुली मारलेली दुहेरी शिवण आहे आणि वर्षभरात तिथला एक टाकाही निघालेला नाही. मूठ हाताला रुतत नाही. मागच्या पायांसाठी बाजारात जे नुसते पोटाखालून घ्यायचे झोळीसारखे पट्टे मिळतात, त्यांच्यापेक्षा ही रचना मला निःसंशय बरी वाटते. झोळी पोट दाबते. नराच्या बाबतीत तर ती नेमकी लघवीच्याच वाटेवर येते. आणि हरणीसारख्या कुत्र्याच्या आत गेलेल्या पोटावर ती टिकतच नाही, दोन पावलांत मागे सरकून जांघेत गोळा होते. इथे वजन कमरेच्या हाडांखाली पेलले जाते, ही या पट्ट्याची खरी जमेची बाजू आहे.

आता दोष. विक्रेत्याने मापे दिली आहेत ती केवळ वजनावरून. २० ते ३० किलोला एकच माप. पण २३ किलोचा लॅब्राडोर आणि २३ किलोची मुधोळ यांच्यात काही साम्य असेल तर ते तराजूपुरतेच. हरणीच्या छातीचा घेर ७० सेंटिमीटर आणि कमरेचा ४७. कंबरपट्टा शेवटच्या टोकापर्यंत आवळला तरी माझी चार बोटे सहज आत जात. मांडीचे फास इतके सैल, की चालताना ते फिरत आणि गादी मागे सरकून लघवीने भिजे. सैल पट्टा घासतो. तिसऱ्या दिवशी डाव्या जांघेत लाल वळ उठला. या जातीची कातडी पातळ असते आणि खाली चरबीचा थर नसतो, त्यामुळे जाड अंगाच्या कुत्र्याला कळणारही नाही असा घास हिला सोलून काढतो. विक्रेत्याकडे विचारणा केली, तर एक माप लहान घ्या असे उत्तर आले. ते माप लांबीला अपुरे पडले असते.

परत पाठवायचे पाकीट बांधून ठेवले होते. त्याच दिवशी यजमानांचे कोल्हापुरी पायताण दुरुस्तीला द्यायचे होते म्हणून चप्पल लाइनीत गेले आणि पिशवीतला पट्टा सहज कारागीर मामांना दाखवला. त्यांनी तो उलटा केला, जाळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, नवं पायताण चावतंय न्हवं, त्यातलाच परकार हाय ह्यो. पर पायताण तेल लावून पायात घालून घालून वळतंय. ह्ये नायलान काय वळायचं न्हाई. ह्येला मापच घ्याय पायजे. जनावर घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, देवीच्या दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी वाढण्यापूर्वी, हरणीला रिक्षात घालून नेले. पायताणाचे कान, म्हणजे बाजूच्या पाळ्या, जिथे त्याच्या वरच्या पट्ट्याला जोडले जातात तिथे ते काय पाहतात, हे मला त्या दिवशी कळले : माप घेताना त्यांनी तिला उभे तर केलेच, पण मला मूठ धरून चार पावले चालवायलाही लावले आणि पट्टा कुठे सरकतो तिथे खडूने खुणा केल्या. मांडीचे फास दोन्हीकडून अडीच इंचांनी कमी केले. कंबरपट्ट्याला नवी भोके पाडण्याऐवजी त्याचा एक तुकडाच काढला. माझ्या डोक्यात आत मऊ कातडे लावून घ्यावे असे होते; ते त्यांनी साफ नाकारले. कातडे भिजले की वाळताना आखडते आणि भिजायची जागा तर हीच, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याच्या सहा पदरांची, वाकळीसारखी घट्ट दोऱ्याची शिवलेली पट्टी त्यांनी मागितली. ती जाळीवर बटणांनी बसते आणि धुवायला निघते. सासूबाईंचे एक विटलेले नऊवारी कामी आले आणि त्यातून मी तशा तीन पट्ट्या शिवल्या. मामांनी सगळ्या कामाचे ३५० रुपये घेतले.

या बदलाचे मोल मला पावसाळ्यात कळले. जुलैमध्ये कोल्हापुरात माणसांचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, तिथे स्पंज काय वाळणार? मूळ स्थितीत हा पट्टा एकदा भिजला की दोन दिवस दमट राहून कुबट वास मारतो आणि तसाच दमट घातला तर जांघेत पुरळ उठते. सुती पट्टी मात्र चुलीच्या खोलीत दोरीवर रात्रभरात वाळते आणि नाहीच वाळली तर इस्त्री फिरवता येते. विक्रेता जाळीच्या कापडाला हवा खेळती राहण्याचा गुण म्हणून मिरवतो. एखाद्या कोरड्या गावात ते खरे असेल. रंकाळ्याच्या वाऱ्यात खरे नाही.

पट्टा कसा धरायचा याची जी पत्रिका सोबत येते तिच्यात चित्रे आहेत आणि ती चित्रेच चुकीची सवय लावतात, असे माझे मत आहे. चित्रातला माणूस कुत्र्याचे मागचे पाय जवळजवळ जमिनीवरून उचलून चालला आहे. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. मागून उचलले की तो आणखी पुढे ढकलला जातो आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे खांदे त्याने लवकर थकतात. शिवाय जे पाय जमिनीला लागतच नाहीत त्यांत ताकद येणार कशी? आम्हाला डॉक्टरांनी दाखवलेली रीत साधी आहे : मुठीची लांबी अशी ठेवायची की आपला कोपर सरळ राहील आणि आपण वाकणार नाही, पट्टा ताठ असावा, पण ओढलेला नसावा, पाय घसरला तरच हाताला वजन कळावे. पहिले पंधरा दिवस मला हे जमले नाही. मायेने हात वर जात असे आणि हरणी मागे वळून माझ्याकडे अशी पाही, की उचलण्याचे काम तिने मला सांगितलेले नाही हे स्पष्ट होते.

आणखी एक धोका पत्रिकेत कुठेच लिहिलेला नाही. पट्ट्याच्या आधाराने चालणाऱ्या कुत्र्याचा पंजा फरफटत असला तरी वरून ते दिसत नाही, कारण कुत्रे पडत नाही. दर रविवारी मागच्या पायांची नखे पाहावीत. मधली दोन नखे पुढून घासून सपाट झालेली दिसली, किंवा पंजा उलटा पडूनही कुत्रे तो सरळ करत नसेल, तर प्रश्न सांध्याचा न राहता मज्जातंतूंचा असण्याची शक्यता असते आणि तेव्हा पट्टा घट्ट करण्याऐवजी दवाखाना गाठावा. हरणीची उजवीकडची नखे ऑगस्टमध्ये अशी घासलेली दिसली. तपासणीत सुदैवाने गंभीर काही निघाले नाही, पायऱ्या उतरताना मी घाई करत होते एवढेच. तेव्हापासून त्या तीन पायऱ्यांवर एक खडबडीत फळी टाकली आहे.

पट्ट्याबरोबर घरातही बदल करावे लागतात, नाहीतर हे पैसे पाण्यात जातात. टाइल्सवर आम्ही प्रथम घोंगडे अंथरले, तर हरणी घोंगड्यासकट घसरली. मग लक्ष्मीपुरीतून खालून रबर असलेल्या पट्ट्या आणल्या आणि तिच्या जेवणाच्या भांड्यापासून दारापर्यंत अंथरल्या. घोंगडे तिच्या निजायच्या जागी गेले, वर वाकळ, कारण कोपरांना घट्टे पडून ते फुटू लागले होते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापणे आणि नखे वेळेवर काढणे यांना एक पैसा लागत नाही, आणि पकड वाढवण्याचे त्याइतके खात्रीचे दुसरे साधन मला सापडलेले नाही.

आता रोजचा वापर सांगते. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे आणि रात्री झोपण्यापूर्वी अंगणात एक फेरी, एवढ्यापुरताच पट्टा अंगावर असतो. दिवसभर तो चढवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या कुत्र्यांच्या जांघाही पाहिल्या आहेत. घालायला आता मला एक मिनिट लागते, हरणी उभी असेल तर. ती आडवी असताना घालणे एकट्या माणसाला कठीण आहे आणि २३ किलोपेक्षा जड कुत्रे असेल तर अशक्यच समजावे. पुढच्या पायांतही दुखणे असेल तर हा पट्टा पुरणार नाही, छातीलाही आधार देणारा पूर्ण अंगाचा पट्टा लागेल.

फायदा झाला का? एप्रिलपर्यंत हरणी अंगणात पट्ट्याशिवाय जाऊ लागली आणि पावसाळा संपेपर्यंत तसेच चालले. डिसेंबरच्या थंडीत सांधे पुन्हा आखडले आणि अंगणातली फेरीही पुन्हा पट्ट्यावर आली. मांडीचा घेर डॉक्टरांच्या टेपने जानेवारीत २६ सेंटिमीटर होता, सप्टेंबरात २८ भरला. श्रेय गोळीचे किती आणि पट्ट्याचे किती हे वेगळे काढता येत नाही. पण गोळीनंतरही ज्या फरशीवर ती उठायला धजत नव्हती, तिथे आता मूठ हातात घेतल्याचा आवाज आला की ती स्वतःहून उठते.

तेव्हा ज्यांच्याकडे लॅब्राडोर किंवा भरल्या अंगाचे गावठी कुत्रे आहे त्यांनी हा पट्टा आहे तसा घ्यायला हरकत नाही, मात्र पावसाळ्यासाठी सुती अस्तर शिवून ठेवावे. मुधोळ, कारवान, पश्मी किंवा तशाच सडपातळ कुत्र्यांसाठी तो विकत घेतला की अर्धेच काम झाले असे धरून, मूळ किमतीवर शिवणकाराचे तीनचारशे रुपये जोडूनच हिशेब करावा. मागवण्यापूर्वी छाती, कंबर आणि मांडी यांची मापे कुत्रे उभे असताना घ्यावीत. प्लास्टिकच्या बक्कलावर फार विसंबू नये : आमचे डाव्या बाजूचे बक्कल डिसेंबरात थंडीच्या एका सकाळी तडकले आणि मामांनी त्या जागी पितळी बसवले. त्याचे ४० रुपये वेगळे झाले. उजव्या बाजूचेही तेव्हाच बदलून घ्या असे ते म्हणत होते. मी ऐकले नाही, आणि परवा तेही तडकले.