गॅरेजवाल्याने माझ्या आरएक्स १०० चा ऑइल पंप काढून घेतला

वडिलांनी १९८९ साली घेतलेली यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आजही आमच्या दारात उभी आहे. हे मॉडेल १९९६ मध्ये बंद झालं, त्यामुळे तिच्या अस्सल पार्टना आता सोन्याचा भाव आहे. हे माहीत असूनही मी इंजिन उघडायला दिलं आणि घरी निघून आलो.

गाडी चढाला दम सोडत होती, किकला पाय हलका जात होता. कराडमधल्या त्या गॅरेजवाल्याचा दोन दिवसांनी फोन आला. "ब्लॉक संपलाय, आता बोअर होत नाही. पंपपण गेलाय. पेट्रोलमध्येच ऑइल टाकून चालवा, सगळे तेच करतात." ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर. तो झिजला की आतून किंचित मोठा कापतात, त्याला बोअर करणं म्हणतात. मी हो म्हणालो. ओरिजिनल ब्लॉक-पिस्टन म्हणून त्याने १४,५०० रुपये घेतले. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

ब्लॉक संपलाय आणि पंप गेलाय, दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, त्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरने मोठे असे चार ओव्हरसाइज पिस्टन बसतात. वडिलांच्या फायलीत नंतर २००४ चं बिल सापडलं, त्यावर ०.२५ लिहिलंय. म्हणजे ब्लॉक अजून तीन वेळा बोअर करता आला असता. आणि पंप? ऑइलची टाकी मी नेमाने भरत होतो. पंप बंद असता तर ती रिकामी कशी झाली असती?

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन, रिंगा आणि क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर आत जाणाऱ्या ऑइलमधून. पंप ते इंजिनच्या वेगाप्रमाणे आणि ॲक्सिलरेटरप्रमाणे सोडतो. ॲक्सिलरेटर मिटला तरी थोडं सोडतच राहतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं असेल तर तसं नसतं. पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटतं.

महिन्याभराने चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाटाच्या उतारावर ॲक्सिलरेटर बंद, दुसरा गिअर, इंजिन जोरात फिरतंय. एका वळणाआधी बारीक किरकिर ऐकू आली, इंजिन जाम झालं आणि मागचं चाक जागीच धरलं. हाताने आपोआप क्लच दाबला म्हणून वाचलो. मागे ट्रक होता. टू-स्ट्रोक चालवणाऱ्या प्रत्येकाने घाटात दोन बोटं क्लचवर ठेवावीत, आणि पंप नसेल तर लांब उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा द्यावा.

चिपळूणच्या वयस्क मेकॅनिकने माझ्यासमोर हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, आणि ब्लॉक काढला. पिस्टनला उभे ओरखडे. त्याने ब्लॉकमधल्या पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जायच्या भोकाच्या, कडेवरून नख फिरवलं आणि मलाही फिरवायला सांगितलं. पात्यासारखी धार. बोअरिंगनंतर ही कड घासून मोडावी लागते, नाहीतर रिंग तिच्यात अडकते. ब्लॉक डुप्लिकेट होता, कास्टिंगवर कसलीच खूण नाही.

चोरी सहज पचते, कारण इंजिन नंबर फक्त क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीवर असतो. ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटर, पंप यांच्यावर गाडीचा नंबर नसतो. म्हणून देण्याआधी प्रत्येकाचा जवळून फोटो काढा, ब्लॉकच्या बाहेरच्या पात्यांपैकी खालच्या पातीवर पंचने बारीक खूण करा. इंजिन उघडताना तिथे उभे राहा, गॅरेजवाला कितीही तोंड वाकडं करो. ब्लॉक संपला म्हणाला तर बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) लावून आकडा दाखवायला सांगा. पिस्टनच्या माथ्यावर साइज ठोकलेला असतो, तो वाचा. काम झाल्यावर जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कराडला परत जाऊन भांडलो. बिल कच्चं होतं, त्याने हात वर केले.

एकाकडे वापरलेला दुसरा पंप मिळाला, तो बसवला. नळीतली हवा पूर्ण काढली, पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल घातलं. वडिलांचा ब्लॉक मात्र मिळालेला नाही. त्याची डाव्या बाजूची वरून तिसरी पाती अर्ध्यावर तुटलेली आहे, वडील एकदा पाटण रोडला घसरले होते तेव्हाची. असा ब्लॉक कुणी विकायला आणला, तर तो कुठून आणला हे त्याला नक्की विचारा.