जैसलमेरची वीज, मुंबईचे बिल: हरित वीजदराच्या सेवेविषयी

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च 2021 मध्ये राज्यातील वीजग्राहकांना एक नवी मुभा दिली. नेहमीच्या दरावर प्रतियुनिट ठरावीक जादा रक्कम (तेव्हा 66 पैसे) भरली, की आपल्या वापराइतकी सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याची जबाबदारी वितरण कंपनीवर येते. त्या दराने महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराला 132 रुपये जास्त पडत. मुंबईच्या उपनगरात राहणारी ग्राहक म्हणून मी ही सेवा घेते आणि ती घ्यावी असेच माझे मत आहे; मात्र आपण नेमके काय विकत घेतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

घरात काहीच बदलत नाही. मीटर तोच राहतो, तारा त्याच राहतात आणि त्यांतून येणारी वीज शेजाऱ्याच्या विजेत मिसळलेलीच असते. बदलतो तो हिशेब: ग्राहकाच्या नावाने दरमहा प्रमाणपत्र मिळते आणि तेवढी हरित वीज कंपनीला खरेदी करावी लागते. ही खरेदी कागदोपत्री राहत नाही, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. मुंबईच्या उपनगरांसाठी राजस्थानातील जैसलमेर येथील 700 मेगावॉटच्या प्रकल्पाशी प्रतियुनिट 3 रुपये 24 पैसे दराने 25 वर्षांचा करार झालेला आहे. त्या प्रकल्पात 600 मेगावॉट क्षमतेचे सौर पॅनेल आणि 510 मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या एकत्र आहेत. थरच्या वाळवंटात ऊन वर्षातील बहुतेक दिवस कडक असते आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वारा जोरात वाहतो. त्यामुळे ढगाळ दिवसांत किंवा रात्री सौरवीज थांबली, तरी पवनचक्क्यांमुळे पुरवठ्याला काहीसा आधार राहतो.

जैसलमेर ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी आठशे किलोमीटरांहून अधिक आहे. एवढी मजल मारताना गळती कमी राहावी म्हणून विजेचा दाब अतिशय वाढवून ती पाठवली जाते. खरी अडचण शहराच्या वेशीवर होती. बाहेरची वीज आत आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्या की काय होते, ते 12 ऑक्टोबर 2020 रोजी लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या तेव्हा सगळ्यांनी पाहिले. 2023 मध्ये खारघर–विक्रोळी ही 400 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि शहरात आणखी सुमारे 1000 मेगावॉट वीज आणण्याची सोय झाली. वाळवंटातील प्रकल्पांचे कौतुक पुष्कळ होते, या वाहिनीचे फारसे होत नाही. ते व्हायला हवे.

उणीव आहे ती प्रमाणपत्रात. ते महिन्याचे एकूण युनिट सांगते, कोणत्या तासाला कोठून वीज आली हे सांगत नाही. 12 नोव्हेंबर 2023 रोजी उपनगरांचा पुरवठा चार तास पूर्णपणे नवीकरणीय विजेवर चालवून दाखवण्यात आला. काम खरोखर मोठे होते, पण ते चार तास सकाळी 10 ते दुपारी 2 असे होते. त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होते, आणि सूर्य मावळल्यावर भिस्त पुन्हा मुख्यतः औष्णिक विजेवरच राहते. वीज साठवण्याची पुरेशी सोय होईपर्यंत हे टळणार नाही, हे मान्य आहे. तरीही अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला निदान तासागणिक हिशेब मिळालाच पाहिजे.

दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. ज्या माळरानावर पॅनेल आणि मनोरे उभे राहतात, तेथेच माळढोक या पक्ष्याचे अखेरचे मोठे आश्रयस्थान आहे. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरच्या तारा वेळेवर दिसत नाहीत आणि त्यांवर आदळून तो मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक कसा नाहीसा होत गेला, हे आपण पाहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. ओरण, म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेली चराईची राने, प्रकल्पांखाली जात असल्याची जैसलमेरच्या गावकऱ्यांची तक्रारही रास्त आहे. आपल्या जादा पैशांतील काही वाटा या रानांच्या रक्षणासाठी राखून ठेवावा, अशी मागणी ग्राहकांनी आयोगाच्या जनसुनावणीत करायला हवी.

स्वतःची गच्ची असलेल्यांनी आधी तिच्यावर पॅनेल बसवावेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. भाड्याच्या घरात किंवा उंच इमारतीच्या मधल्या मजल्यावर राहणाऱ्यांना तो मार्ग मोकळा नसतो. त्यांनी चालू दर पाहून आपल्या वितरण कंपनीकडे हरित वीजदरासाठी अवश्य अर्ज करावा.