ओल्या क्लचच्या डीएसजीचं ऑइल घरी बदललं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांमधला दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यातला सहा गिअरचा, ओल्या म्हणजे ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचचा डीक्यू२५० ज्यांच्याकडे आहे त्यांना ६०,००० किलोमीटरचा आकडा नव्याने सांगायला नको. त्या टप्प्याला ऑइल आणि फिल्टर बदलायचा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण यातलं ऑइल बदलणं हे सोपं काम आहे. अवघड काम आहे लेव्हल बसवणं, आणि पैसे मोजूनही तेच काम नीट होईल याची खात्री नसते. माझा सगळा राग त्या लेव्हलवर आहे, त्यामुळे हा लेखही बराचसा तिच्याबद्दलच होणार.

मागच्या खेपेला ऑइल एका वर्कशॉपमध्ये बदलून घेतलं होतं. त्यानंतर सकाळी थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकली की अंमळ थांबून धक्का बसायचा, आणि सिग्नलजवळ वेग कमी करताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना खालून 'ठक्' असा आवाज यायचा. गाडी जुनी होतेय, क्लच झिजत असतील, असं समजून चालवत राहिलो. पुढच्या सर्व्हिसला तक्रार सांगितली तर थेट मेकॅट्रॉनिक बदलण्याचं एस्टिमेट हातात ठेवलं. मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हातपाय एकत्र. त्याचा खर्च ऐकून कुणालाही घाम फुटेल. मी एकच प्रश्न विचारला: मागच्या वेळी ऑइलची लेव्हल किती तापमानाला बसवली होती? उत्तर आलं, "सर, पाच लिटर मोजून टाकलंय, बरोबरच असतं." स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावून तापमान बघितलं होतं का? "त्याची गरज नसते."

गरज असते. तीच तर सगळ्यात मोठी गरज आहे.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. हल्लीच्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना ती नसते, आणि ती काढून टाकल्याने मालकाचं काय भलं झालं हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तिच्या जागी आहे एक प्लॅस्टिकची नळी. खालचा ड्रेन प्लग उघडला की आत ती उभी असते. लेव्हल बघताना इंजिन चालू ठेवायचं, गिअरबॉक्सचं ऑइल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना प्लग उघडायचा आणि नळीच्या तोंडावरून जे जास्तीचं असेल ते वाहू द्यायचं. धार तुटून थेंब पडायला लागले की लेव्हल बरोबर. म्हणजे त्या नळीची उंची हीच तुमची डिपस्टिक, आणि ती फक्त त्या दहा अंशांपुरतीच खरी बोलते.

तापमान चुकलं तर काय होतं याचा साधा हिशोब मांडून बघा. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. आत सुमारे सात लिटर धरले तर चाळीस अंशांच्या फरकाला दोनशे मिलीलिटर होतात. ऐंशी अंशांवर गरम असताना प्लग उघडलात तर फुगलेलं ऑइल नळीवरून वाहून जाणार आणि गार झाल्यावर तेवढं कमी पडणार. फार थंड असताना लेव्हल लावलीत तर उलट, गरजेपेक्षा जास्त भरलं जाणार. सगळ्यात वाईट म्हणजे इंजिन बंद ठेवून लेव्हल बघणं. पंप फिरत नसतो तेव्हा कूलरकडे, फिल्टरकडे आणि क्लचकडे जाणारं ऑइल खाली साचलेलं असतं. नळीवरून ते वाहून जातं, बघणारा म्हणतो "फुल्ल आहे", आणि इंजिन सुरू झालं की पंपाच्या तोंडाशी ऑइल अपुरं.

आणि या डब्यात सगळ्याचा भार एकाच ऑइलवर आहे. तेच गिअरचे दाते भिजवतं, तेच दोन्ही क्लच थंड करतं, आणि त्याच्याच दाबावर मेकॅट्रॉनिक गिअरचे फोर्क सरकवतं आणि क्लच दाबतं. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. एक सोडायचा त्याच क्षणी दुसरा धरायचा, हेच तर या गिअरबॉक्सचं सगळं कौतुक. दाब मिळायला क्षणभर उशीर झाला की ती देवघेव फसते आणि आपल्याला धक्का जाणवतो.

हे सगळं मनात असल्यामुळे घरी काम सुरू करताना ऑइल लगेच बदललं नाही. आधी फक्त लेव्हल तपासली. गाडी चार स्टँडवर, चारही बाजूंनी सपाट. पुढची दोनच चाकं उचलून हे काम होत नाही, कारण गाडी तिरकी असली की नळीही खोटं सांगते. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली तर जायचंच नाही. स्कॅनर लावून धाकटा भाऊ ड्रायव्हरच्या सीटवर ब्रेकवर पाय ठेवून बसला. त्याने प्रत्येक गिअर काही सेकंद धरून परत पार्कमध्ये आणला, हँडब्रेक ओढला, त्यानंतर मी खाली गेलो. "दादा, चौतीस... पस्तीस झालं." प्लग उघडला. नळीत उभं होतं तेवढं ऑइल पडलं आणि पुढे काहीच नाही. एक थेंबही नाही.

प्लगच्या जागी अॅडॅप्टर लावून त्याच प्रतीचं नवं ऑइल वर टांगलेल्या बाटलीतून सोडत गेलो. नळीवरून वाहायला लागेपर्यंत पाऊण लिटरच्या आसपास आत गेलं. इतकं कमी ऑइल घेऊन ती गाडी इतके दिवस पळत होती, आणि ते भरणारे मला नवा मेकॅट्रॉनिक विकायला निघाले होते.

तशीच गाडी काही आठवडे चालवली. दुसऱ्यातून पहिल्यात येतानाचा ठक् आवाज जवळपास गेला. रिव्हर्सचा धक्का कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. मग पूर्ण ऑइल आणि फिल्टर बदलायला बसलो.

बदलण्याची कृती माहीत असेल असं गृहीत धरतो, फक्त अडखळायच्या जागा सांगतो. फिल्टर वरच्या बाजूला असतो. माझ्या गाडीत बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि कामाचा निम्मा वेळ तिथेच जातो. फिल्टरचं प्लॅस्टिकचं झाकण चोवीसच्या सॉकेटने सुटतं. सुटल्यावर झटकन वर ओढू नका. जरा तिरकं करून धरलं की आतलं ऑइल परत खाली उतरतं, नाहीतर सगळं गिअरबॉक्सवर सांडतं आणि पुढे गळती शोधताना त्याच डागांमुळे चकवा होतो. झाकण परत आवळताना जोर २० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही, आणि नवी ओ-रिंग ऑइलमध्ये बुडवून.

खाली १४ च्या अॅलन कीने प्लग काढला की थोडंच ऑइल येतं. बरेच जण इथेच थांबतात आणि "अर्धंच निघालं" म्हणतात. नळी काढल्याशिवाय उरलेलं येत नाही. ती ८ च्या अॅलन कीने सुटते, आणि इथे मला खरंच चीड येते: परत बसवताना तिला फक्त ३ न्यूटन-मीटर द्यायचे असतात. साधा टॉर्क रेंच इतका खाली जातच नाही. अॅलन कीचा आखूड दांडा दोन बोटांत धरून, टेकली की थांबायचं. ती पिचली, किंवा अर्धवट बसली, तर तुमची लेव्हल कायमची चुकीची, आणि हे बाहेरून कुणालाही दिसणार नाही. ज्या भागावर सगळ्या गिअरबॉक्सचं आयुष्य टेकलेलं आहे तो इतका नाजूक असावा, हे मला पटत नाही. निदान त्याच्यावर एखादी खूण तरी हवी होती. म्हणून मी नवी नळीच मागवून ठेवली होती आणि जुनी फेकून दिली.

निघालेलं ऑइल काळपट होतं, जळका वास मात्र नव्हता. फिल्टरच्या घड्यांत बारीक करडी भुकटी होती, चमकणारा किस नाही. ओल्या क्लचच्या लायनिंगची झीज याच ऑइलमध्ये उतरते, म्हणूनच तर ते ठरावीक अंतराने बदलावं लागतं. फिल्टर कापून बघितला नसता तर क्लचबद्दलची धास्ती तशीच राहिली असती, तेव्हा तुम्हीही कापून बघा.

साधारण ५.२ लिटर नवं ऑइल आत गेलं. एकूण ऑइल सातच्या घरात, पण कूलर आणि क्लचच्या भागातलं निघत नाही, हे लक्षात घ्या. ऑइल कुठल्या कंपनीचं यापेक्षा डब्यावर जी ०५२ १८२ या फोक्सवॅगनच्या ऑइल क्रमांकाची मान्यता आहे का, ते बघा. साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालत नाही, कारण इथे क्लच ऑइलमध्येच घसरत धरायचा असतो आणि त्या घसरण्याचं गणित ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. मी इथे काटकसर केली ती हत्यारांवर, ऑइलवर नाही. अॅडॅप्टर साधा घेतला, बाटली आणि नळी घरची. भरून झाल्यावर पुन्हा तोच सोहळा: इंजिन चालू, सगळे गिअर फिरवणं, भावाचं तापमान सांगणं, अडतीसला धार तुटली, नवी सील लावून प्लग ४५ न्यूटन-मीटरला घट्ट. लेव्हल बघायला सुरुवात केल्यापासून शेवटचा प्लग लावेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. काम सुरू करताना गाडी रात्रभर उभी असलेली हवी, नाहीतर तुम्ही खाली हात घालेपर्यंत काटा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो.

त्याच संध्याकाळी गाडी चालवली तेव्हा वाटलं, नवीन गिअरबॉक्स बसवलाय. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर नव्या ऑइलचे गोडवे गायले असते. आता इतक्या महिन्यांनी माझं मत बदललंय. गाडीतला खरा फरक पहिल्या दिवशीच पडला होता, जुन्याच ऑइलची लेव्हल बरोबर केली तेव्हा. नव्या ऑइलने त्यात भर घातली ती रिव्हर्सच्या थंड धक्क्यात आणि ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना येणाऱ्या थरथरीत, आणि तीही थोडी. नवं ऑइल गाडीच्या पुढच्या आयुष्यासाठी घातलंय. गाडी सुधारली ती लेव्हलमुळे. हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि दोन्ही कामं एकाच दिवशी करणाऱ्याला ते कधीच वेगळे दिसणार नाहीत.

बेसिक सेटिंगबद्दलही, म्हणजे स्कॅनरने गिअरबॉक्सला क्लचची धरायची जागा नव्याने शिकवण्याबद्दलही, सांगतो, कारण ऑइलनंतर ती केलीच पाहिजे असं ठासून सांगणारे भरपूर आहेत. मी सुरुवातीला केली नाही. गिअरबॉक्स क्लचची धरायची जागा चालता चालता स्वतःच शिकत असतो. नंतर उत्सुकतेपोटी स्कॅनरने केली. आधी दोन-तीन दिवस गाडी उलट जास्त बावचळलेली वाटली, मग पूर्वीसारखी झाली. क्लच किंवा मेकॅट्रॉनिकला हात लावलेला नसेल तर नुसत्या ऑइलसाठी मी पुन्हा करणार नाही.

कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, डीक्यू२००, असलेल्यांनी यातलं काहीही आपल्या गाडीवर करू नये. तिथे क्लच ऑइलमध्ये नसतात, गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं वेगळं असतं, ६०,००० चा नियमही लागू नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सोळा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्या याच गिअरबॉक्सच्या: सिंथेटिक ऑइल काढून मिनरल भरण्यासाठी. ऑइलचा प्रकार त्या डब्यात इतका नाजूक विषय आहे.

वर्कशॉपकडे गेलो तो भांडायला नाही, लेव्हलचा हिशोब आणि तापमानाचे स्कॅनरचे फोटो दाखवायला. त्यांनी मेकॅट्रॉनिकचं एस्टिमेट मागे घेतलं, एवढंच. चूक मान्य केली नाही. मला तेवढं पुरे नाही, कारण त्यांच्याकडे रोज दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत "पाच लिटर मोजून" टाकलं जात असेल. तुम्ही बाहेर करून घेणार असाल तर काम चालू असताना तिथे उभे राहा आणि स्कॅनरवरचा आकडा स्वतः बघा. इंजिनच्या पाण्याचं तापमान नाही, गिअरबॉक्सच्या ऑइलचं. प्लग उघडताना इंजिन बंद दिसलं तर तिथेच थांबवा. बिलावर ते तापमान लिहून घ्या. नाही म्हणाले तर गाडी घेऊन घरी या.