रॅबिशील्ड: जखमेतच द्यायचं इंजेक्शन

कुत्रा चावून रक्त आलं की रेबीजची नुसती लस पुरत नाही. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर रेबीजचा विषाणू जखमेजवळच्या नसांत शिरू शकतो. ही पोकळी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड भरून काढतं. ते तयार प्रतिपिंड आहे, घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून न काढलेलं.

मात्रा किलोमागे 3.33 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 200. माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम किलोमागे 20 युनिट लागतं. घोड्याच्या सीरमची अ‍ॅलर्जीची धास्तीही इथे नाही.

चूक होते ती टोचण्यात. औषध जखमेत आणि तिच्या कडेने खोलवर भरायचं असतं. दुखतं म्हणून सगळं दंडात दिलं, तर विषाणू आहे तिथे ते पोचतच नाही. लसीच्याच सिरिंजमध्ये ते कधीही मिसळू नये. लसीच्या पहिल्या डोसच्या दिवशीच घ्यावं. राहून गेलं तर त्यापासून सात दिवसांच्या आत. पूर्वी लसीचा कोर्स पूर्ण झालेल्यांना ते लागत नाही. साठवण 2 ते 8 अंशांत, गोठवू नये.

एक उणीव मात्र खरी: यात प्रतिपिंड एकच आहे. झायडस कंपनीच्या ट्विनरॅब या अशाच औषधात दोन आहेत आणि ती रचना आम्हाला अधिक भरवशाची वाटते. पण हाताशी रॅबिशील्ड असेल तर दुसऱ्याची वाट पाहू नका. इंजेक्शनच्या आधी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवा. हळद-चुना अजिबात नको.