हेअर ट्रान्सप्लांट: ऑपरेशनला साडेचार तारे, नंतरच्या काळजीला दीड

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

मी चिंचवडला राहतो, वय ३८, बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर. फेब्रुवारीत पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये ट्रान्सप्लांट करून घेतलं. एफयूई पद्धत, म्हणजे डोक्याच्या मागून केसांचा एकेक पुंजका मुळासकट काढून पुढे रोवायचा; या पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. २,१५० ग्राफ्ट, ग्राफ्टला ४५ रुपये. म्हणजे ९६,७५० असा आकडा मी घरी सांगून ठेवला होता. बिल आलं १,१४,१६५. वरचे १७,४१५ जीएसटीचे. टक्कल झाकणं सरकारच्या लेखी उपचारात बसत नाही, हौसेत बसतं, म्हणून १८ टक्के. हे मला काउंटरवर कार्ड काढल्यावर कळलं. त्याआधी पाच वेळा फोन आले होते, पण जीएसटी या शब्दाचा उच्चार एकदाही झाला नव्हता.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. ज्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे ती पोरं आता तिथे नाहीतही.

आधी चांगलं सांगतो. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत गेले होते, एकाच वेळी नऊ हजारांवर ग्राफ्ट काढलेले. ती बातमी बायकोच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. त्यामुळे डॉक्टर स्वतः किती वेळ खोलीत असणार, हे तिने तीनदा विचारून घेतलं. यूट्यूब बघून किंवा वर्कशॉपला बसून हे काम करायला लागता येत नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये लिहून काढलंय, तेही तिने ऐकवलं. डॉक्टर चिडले नाहीत. भुलीची इंजेक्शनं, मागचे ग्राफ्ट काढणं, पुढच्या चिरा पाडणं, सगळं त्यांनी स्वतः केलं. रोवायला टेक्निशियन मुली होत्या, पण डॉक्टर तिथेच उभे. गार सलाइनमध्ये ठेवलेले ग्राफ्ट मला दाखवले, एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती, कागदावर लिहून दिले. दुपारी दहीभात. सकाळी नऊला आत गेलो, संध्याकाळी सहाला बाहेर. इंजेक्शनं सोडली तर दुखलं असं काही नाही.

मग घरी आलो आणि खरी गंमत सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली. ही अपेक्षितच असते, डोक्याच्या कातडीत इंजेक्शनने भरलेलं पाणी खाली उतरतं. पाठीला उंच टेकू देऊन झोपायचं हे सांगितलं होतं. आमच्याकडे आजोबांची आरामखुर्ची आहे, तिच्यावर सात रात्री काढल्या. बर्फ फक्त कपाळावर, ग्राफ्टवर नाही. सहाव्या दिवशी तोंड माणसात आलं.

डोक्यावरच्या लालीबद्दल मात्र क्लिनिकच्या काउन्सेलरबाईंचं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे: ‘सर, पंधरा दिवसांत कामावर, कुणाला कळणारसुद्धा नाही.’ आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, घारे, गोरे. दहा मिनिटं उन्हात उभा राहिलो तर माझे कान लाल होतात. अशा कातडीला दोन हजार चिरा पाडल्यावर ती किती दिवस लाल राहील, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोळाव्या दिवशी साइटवर गेलो. क्रेन चालवणाऱ्या मामांनी दुरूनच बघितलं, खाली उतरले आणि काळजीने म्हणाले, ‘साहेब, डोक्याला भाजलं की काय?’

त्याच दिवशी क्लिनिकला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘नॉर्मल आहे सर.’ चोविसाव्या दिवशी पुन्हा पाठवला. ‘नॉर्मल आहे सर, डोंट वरी.’ हेल्मेट कधीपासून घालू, आणि साइटवरची कडक टोपी, जिचा पट्टा बरोबर नव्या हेअरलाइनवर बसतो, तिचं काय करू, हे विचारलं तर मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आणि शांतता. ऑपरेशनआधी हीच मंडळी रविवारी सकाळीसुद्धा फोन करत होती.

निम्मा दोष माझा आहे, तोही लिहितो. तिसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये पहिलं डोकं धुऊन दिलं, ते नीट बघायला हवं होतं. त्या मुलीने बेबी शाम्पूचा फेस तळहातावर करून नुसता टेकवला, थांबली, मग कोमट पाणी ओतलं. घरी शॉवर चालत नाही, मगने धार जोरात पडते. मग माझ्या लेकीची प्लॅस्टिकची झारी सापडली, खेळण्यातली, पिवळी, पुढे भोकं असलेली. पुढचे महिनाभर तिनेच रोज बाबांना पाणी घातलं आणि रोज विचारलं, ‘उगवलं का?’ पण ग्राफ्ट निघतील या भीतीने मी फेस टेकवून लगेच धुऊन टाकत होतो. खपल्या दहा-बारा दिवसांत जायला हव्या होत्या, त्या अठराव्या दिवशीही चिकटून होत्या. त्यात आईने गॅलरीतल्या कुंडीतली कोरफड कापून आणली. ताज्या पानातून जो पिवळा चीक येतो तो निथळू द्यावा लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. रात्रभर खाज. सकाळी डोकं टोमॅटो.

वर क्लिनिकच्या इंग्रजी पीडीएफमध्ये लिहिलेलं की तिसऱ्या आठवड्यापासून मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध. मी आज्ञाधारक. लावलं की चुरचुरायचं. मेडिकलवाल्याने बेटनोव्हेट हे जोरदार स्टिरॉइडचं मलम पुढे केलं, ‘दोन दिवसांत जाईल’ म्हणाला. नशीब, बायको सोबत होती.

शेवटी महिना उलटल्यावर तिने मला आमच्या गल्लीतल्या स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. साध्या दोन खोल्या, फी सातशे. बाईंनी आधी ताप, पू, वास, कुठे काळं पडलंय का, हे बघितलं. नव्हतं. मग मायक्रोस्कोपची काचपट्टी घेतली, कपाळाच्या वर टेकवून दाबली आणि बायकोला म्हणाल्या, ‘या इकडे, बघा.’ काचेखाली लाली गेली, कातडी फिकी पडली. काच उचलली, लाली परत. म्हणाल्या, ‘हे रक्त आहे, डाग नाही. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्या अजून आवरल्या नाहीत. दाबूनही तपकिरी राहिलं असतं तर वेगळी गोष्ट होती, ते जायला जास्त महिने लागतात.’ पाच मिनिटांचं काम. महिनाभर ‘नॉर्मल आहे’ वाचून जे समाधान झालं नव्हतं, ते त्या काचपट्टीने झालं.

पुढचं औषध फार नव्हतं. मिनॉक्सिडिल बंद, त्या द्रावणातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल काहींना चावतं, नंतर हवंच तर त्याशिवायचा फोम घ्या. शाम्पूचा फेस दहा मिनिटं राहू द्यायचा, उरलेल्या खपल्या मऊ झाल्या की बोटांच्या पोटाने, नखाने नाही, हलकेच फिरवायचं. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, हे सौम्य स्टिरॉइड, फक्त सात दिवस, आठव्या दिवशी ट्यूब बंद. कडक टोपीखाली रोज धुतलेला सुती रुमाल, आणि सावलीत आलो की टोपी काढायची. खपल्या गेल्यावर सनस्क्रीन. मार्चचं पुणं, त्यात स्लॅबवरचं ऊन. उन्हाने लाली लांबते आणि डाग पडायची भीती वाढते म्हणाल्या. ऑपरेशन नोव्हेंबरात केलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं. क्लिनिकला फेब्रुवारीत सूट होती, म्हणून मी फेब्रुवारीत गेलो होतो.

खपल्या चार दिवसांत गेल्या. लाली हळूहळू गुलाबी, मग नुसती झाक, आणि एप्रिलअखेर मलाच शोधावी लागू लागली. म्हणजे दहा-अकरा आठवडे. मध्ये लावलेले केस गळून गेले (हे खरंच नॉर्मल असतं, मूळ आत राहतं), तिसऱ्या महिन्यात सात-आठ पुटकुळ्या आल्या, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बसल्या. जूनमध्ये पहिली लव दिसली. आता ऑक्टोबरात भांग पडतो. पुढची कड नैसर्गिक दिसते, शेंडीकडे अजून विरळ आहे, पण तिथे कमीच लावले होते.

न्हाव्याला काही सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी त्याने मान वाकवून मागचा भाग बघितला, बारीक पांढरे ठिपके बोटाने चाचपले आणि विचारलं, ‘केवढ्याला पडलं?’

हात साडेचार ताऱ्यांचा, नंतरची सेवा दीड ताऱ्याची, मिळून तीन देतोय. धाकटा मेहुणा पुढच्या महिन्यात त्याच क्लिनिकमध्ये, त्याच डॉक्टरांकडे जातोय, मीच पाठवतोय. जीएसटीसकट आकडा लिहून घ्यायला सांगितलंय, स्किनवाल्या बाईंची अपॉइंटमेंट बाराव्या दिवसाची आत्ताच घेऊन ठेवली आहे. झारी द्यायला लेक तयार नव्हती. शेवटी त्याच्याकडून नवीन झारी आणून घ्यायच्या बोलीवर दिली, तीही लाल रंगाची हवी म्हणे.