पट्टीवर इंग्लिश नाव, पोटात बेल्जियमचे ठसे : जुनी दुनळी घेताना झालेली फसवणूक

"ओरिजिनल वेस्टली रिचर्ड्स, संस्थानच्या शिकारखान्यातली" असं सांगून विकलेली बारा बोअरची दुनळी व्यवहार पुरा झाल्यावर तपासणीला आली. पैसे चुकते झाले होते, परवान्यावर नोंदही झाली होती. नळ्या उतरवून आत काय आहे ते मात्र घेणाऱ्याला कोणी दाखवलं नव्हतं, आणि फसवणूक नेमकी तिथेच होती.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर "डब्ल्यू. रिचर्ड्स" कोरलेलं. डब्ल्यू म्हणजे वेस्टली, असं विकणाऱ्याने समजावलं. १८१२ साली बर्मिंगहॅमला सुरू झालेली वेस्टली रिचर्ड्स ही पेढी आपलं नाव असं आखडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेल्जियमच्या लिएज शहरातून अशाच इंग्लिश वळणाच्या नावांच्या स्वस्त दुनळ्या जगभर गेल्या. शिवाय लिव्हरपूलला डब्ल्यू. रिचर्ड्स नावाचा खराखुरा बंदूकवाला होता, म्हणजे नावावर वाद घालून हाती काही लागत नाही. मँटनचंही तेच. लंडनचा जोसेफ मँटन १८३५ मध्ये वारला, मागून काडतूस भरायच्या बंदुका, म्हणजे ब्रीचलोडर, इंग्लंडमध्ये रूढ झाल्या त्या त्यानंतर. तरी त्याच्या हातची म्हणून ब्रीचलोडर दुनळी विकायला निघते. कलकत्त्याच्या मँटन कंपनीच्या ब्रीचलोडर खऱ्या असतात, पण ती पेढी वेगळी.

म्हणून नाव सगळ्यात शेवटी वाचा. बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करा, मग फोरएंड (नळ्यांखालची लाकडी मूठ) काढून नळ्या ॲक्शनपासून, म्हणजे चाप-घोड्याच्या मधल्या सांगाड्यापासून, सोडवा. चेंबरच्या बुडाशी दोन्ही नळ्यांना सपाट जागा असते, तिथे प्रूफ हाऊसचे, म्हणजे जादा दाबाचा बार करून नळी तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. हातात भिंग आणि आडवा उजेड हवा. ठसा पुसट असेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, अक्षरं उठतात. ॲसिड किंवा पॉलिश पेपर लावू नका.

या बंदुकीवर लंबवर्तुळात ई-एल-जी आणि वर मुकुट होता. हा लिएजचा ठसा, आणि मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरचा. बर्मिंगहॅमची असती तर १९०४ पूर्वी मुकुटासह फुलीसारखे राजदंड दिसले असते, त्यानंतर मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही आणि नायट्रोसाठी (बिनधुराच्या दारूसाठी) एन-पी, तर १९५४ पासून बी-एन-पी. "नॉट फॉर बॉल" हा ठसा दुर्मीळ म्हणून भाव चढवला जातो. त्याचा अर्थ एवढाच की नळीला चोक होता, म्हणजे ती तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेली होती, तिच्यातून गोळी झाडायची नाही, आणि ठसा १८८७ च्या आतला. नायट्रोचा कुठलाच ठसा नसेल तर नळी फक्त काळ्या दारूवर तपासलेली आहे, मग पोलाद कितीही चकचकीत असो.

पुढचा खोटेपणा व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) उघडा पडला. सपाट जागेवर "चोक" या शब्दाशेजारी दोन आकडे होते, १८.२ आणि १७.२. पहिला नळीचा आतला व्यास, दुसरा तोंडाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तोंडाशी प्रत्यक्ष माप १८.४ भरलं. चोक गेला कुठे? नळ्या आखूड, २६ इंच होत्या. मूळच्या दुनळीत नळ्या तोंडाशी जवळजवळ चिकटलेल्या असतात. इथे मधे फट होती, ती डाग देऊन बुजवलेली. फुगलेली किंवा फुटलेली टोकं कापून टाकली की असं होतं. बुडापासून साधारण २२ सेंटिमीटर आत बोअर गेजने मोजलं तर तिथेही १८.५, म्हणजे गंजाचे खड्डे काढायला नळी आतून घासलेली. या वाढलेल्या मापाला जुना ठसा लागू होत नाही.

सगळ्यात घातक भाग चेंबर. जुन्या दुनळ्यांचं चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं. विकणाऱ्याने ७० चं काडतूस आत घालून "बघा, बसतं" म्हणून दाखवलं. ते बसणारच, कारण ७० हे बार झाल्यावर उलगडलेल्या खोळीचं माप आहे, भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार होताना खोळीचं तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते आणि दाब चढतो. चेंबर गेजशिवाय याचा निर्णय करू नये. चेंबर नंतर वाढवलेलं असेल तर तिथली भिंत पातळ झालेली असते, आणि सगळ्यात जास्त दाब येतो तो तिथेच.

दस्त्यावरचं संस्थानचं चिन्ह नव्या पितळेचं होतं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. खरी वेस्टली रिचर्ड्स असेल तर सिरियल नंबर कळवून कंपनीकडे जुन्या वहीतली नोंद विचारता येते.

नंबर तीन ठिकाणी जुळवा: ट्रिगर गार्डची (चापाभोवतालच्या कडीची) शेपटी, नळ्या, फोरएंडचं लोखंड. या बंदुकीत फोरएंडचा नंबर वेगळा निघाला आणि गार्डवरचे दोन आकडे नव्याने ठोकलेले दिसले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे नंबर खोडलेली किंवा बदललेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच तो बदलला असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करणं त्याच्यावर येतं. विकणारा तोवर नामानिराळा.

अशी बंदूक आधीच घेतली असेल तर बार करणं आजच थांबवा. सपाट जागेचे आणि तिन्ही नंबरांचे फोटो काढा, विक्रीची पावती जोडा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. कारागिराकडून नंबर "नीट" करून घेऊ नका, ब्लूइंगही (पोलादाला निळा-काळा रंग चढवणं) नको.