कागदी लिंबासाठी स्टीलची पिळणी : सरबताला उत्तम, स्क्वॅशला हात राखून

पावसाळ्याच्या मध्यावर सोलापुरात लिंबाला कोणी विचारत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या आंबिया बहाराची फळे जून ते ऑगस्टमध्ये एकदम उतरतात, नेमकी त्याच वेळी उन्हाची तलखी कमी झालेली असते आणि सरबताची मागणीही ओसरते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असताना नगावर मोजून मिळणारे लिंबू श्रावणात पिशवीने वाटले तरी शेजारी दार लोटून घेतात. परसात एखादे जोमदार झाड असेल, त्यातही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’सारख्या पातळ सालीच्या जातीचे कलम असेल, तर रोज सकाळी झाडाखाली पडलेल्या पिवळ्या फळांचे करायचे काय, हा प्रश्न लोणच्याच्या दोन बरण्या भरून झाल्यावरही शिल्लक राहतो. उत्तर एकच, रस काढून ठेवणे. तो हाताने काढायचा तर दुसऱ्या किलोलाच मनगट बोलू लागते, आणि बोटाला सुरीची बारीकशी चीर असेल तर पहिल्याच लिंबाला. म्हणून दांड्याची स्टीलची पिळणी घेतली आणि या हंगामात सरबत, स्क्वॅश, केक व लेमन कर्ड (लिंबाचा रस, अंडी व लोण्याचे गोड, दाटसर मिश्रण) या सगळ्यांसाठी ती भरपूर राबवली. तिच्याविषयीचे मत येथे मांडत आहे.

ही पिळणी मधल्या मारुतीच्या परिसरातील भांड्यांच्या एका दुकानातून साडेपाचशे रुपयांना घेतली. दोन वाट्या, खालच्या वाटीला भोके, वरची फुगीर, दोन्हींना जोडणारी खीळ आणि साधारण वीतभर लांबीचे दांडे अशी तिची रचना आहे. हातात घेताच वजन जाणवते, आणि ते चांगले लक्षण आहे. कारण हलक्या पिळण्यांचे दांडे जोर लावताच वाकतात. दुकानदारांनी आधी निम्म्या किमतीची रंगीत ॲल्युमिनियमची पिळणी पुढे केली. “ताई, हीच न्या की, हलकी आहे, सगळे हीच नेतेत,” असे त्यांचे म्हणणे होते. लोक ती नेतात हे खरे, पण लिंबाच्या रसात 6 ते 7 टक्के आम्ल असते आणि ते ॲल्युमिनियमला खाते. वरचा रंगाचा थर शाबूत आहे तोवर काही वाटत नाही. वाटीच्या काठाला तो उडाला की उघड्या पडलेल्या धातूवर करडी पूड येऊ लागते आणि रसाला धातूची चव लागते. घटकाभराच्या सरबतात ती लपून जाते, लोणी-अंड्याच्या कर्डमध्ये मात्र लपत नाही.

स्टील अस्सल आहे हे पटवण्यासाठी दुकानात लोहचुंबक लावून दाखवण्याची पद्धत आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक जसा जवळपास चिकटत नाही, तसाच तो स्वस्त 202 प्रतीलाही चिकटत नाही, आणि आम्लापुढे टिकण्याच्या बाबतीत या दोहोंत बरेच अंतर आहे. त्यामुळे वस्तूवर किंवा खोक्यावर प्रत छापलेली आहे की नाही, तेच पाहावे. माझ्या पिळणीच्या वाट्यांवर 304 असे कोरलेले आहे आणि त्यांवर अद्याप डाग पडलेला नाही. खिळीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. सांध्यात ओल राहिली की तिच्या टोकाला तांबूस कड दिसते; म्हणजे खीळ हलक्या स्टीलची असावी. साडेपाचशे रुपयांच्या वस्तूत ही काटकसर खटकते.

आता मुख्य दोषाकडे येते. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक पिळण्यांच्या वाट्या मोठ्या, जाड सालीच्या, परदेशी पाककृतींत असतो त्या पिवळ्या लेमनच्या मापाने बनवलेल्या असतात. आपले कागदी लिंबू सरासरी 40 ते 50 ग्रॅमचे, जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याची अर्धी फोड या वाटीत ठेवली की तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा उरते, दाब देताच फोड एका बाजूला सरकते आणि साल नीट उलटी होण्याऐवजी दुमडते. दुमडलेल्या घडीत रस अडकतो, आणि काही थेंब दांड्यांच्या फटीतून थेट चष्म्यावर उडतात. यावर उपाय असा की लहान लिंबाच्या दोन्ही अर्ध्या फोडी शेजारी-शेजारी ठेवून एकदमच दाबाव्यात. जागा भरते, सरकणे थांबते आणि वेळही वाचतो. फोडीची चिरलेली बाजू भोकांकडे, म्हणजे खाली असावी, हे येथे सांगणे आवश्यक आहे. सालीचा गोल भाग वाटीच्या गोलाईत बसवण्याचा मोह सर्वांना होतो, पण तसे केले की रसाला खाली वाटच राहत नाही.

एवढे सांभाळले तर पिळणी आपले काम चोख करते. चांगल्या पिकलेल्या, ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवलेल्या किलोभर लिंबांपासून सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास रस मिळतो. हाताने त्याच लिंबांचा थोडा कमीच निघतो, आणि किलो-दीड किलोनंतर हात थकल्यामुळे आणखी कमी. बिया वर अडकतात, गाळण्याची कटकट बरीच कमी होते. फ्रीजमधली गार लिंबे मात्र तशीच दाबू नयेत; ती तासभर बाहेर ठेवली तर रस सुटा होतो.

सरबतासाठी ही पिळणी हाताहून सरस ठरते. त्याचे कारण रसापेक्षा सालीत आहे. साल उलटी दाबली गेली की तिच्यातील तेलाच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि ते सुगंधी तेल रसात उतरते. साखर, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माठातले पाणी, एवढ्यावर केलेल्या सरबताला त्यामुळे जो वास येतो, तो नुसत्या हाताने पिळलेल्या लिंबाला येत नाही. आल्याचा रस घातला तर तो वास मागे पडतो, म्हणून मी आले टाळते. सोड्यात पिळायचे असेल तर आधी पेल्यात रस व मीठ, मग सोडा. उलट केल्यास अर्धा पेला फेसाबरोबर ओट्यावर जातो.

स्क्वॅशची गोष्ट वेगळी आहे, आणि ही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती समजून घेतलेली बरी. लिंबाच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात एक बेचव द्रव्य असते. ते आंबट रसात मिसळले की हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. हे काही तासांत घडते. त्यामुळे पिळल्याबरोबर चाखलेला रस निर्मळ लागतो आणि तोच दुसऱ्या दिवशी घशाशी कडवट लागतो. पिळणीचा दाब हाताच्या दाबाच्या कितीतरी पट असल्याने हा पांढरा थर जास्त चेचला जातो. बिया चिरडल्या तर कडूपणा आणखी वाढतो. म्हणून टिकवायच्या रसासाठी पिळणी पूर्ण मिटवू नये. पहिल्या दाबाला रस धारेने पडतो, मग हाताला अडथळा जाणवतो आणि रस गढूळ, थेंबाथेंबाने येऊ लागतो. तेथेच थांबावे. तेवढा रस स्क्वॅशला घ्यावा, आणि त्याच फोडी दुसऱ्या भांड्यावर पुन्हा दाबून निघालेला रस त्या दिवशीच्या सरबतात किंवा वरण-भातावर संपवावा. अशा रीतीने केलेला माझा स्क्वॅश कडवट झाला नाही. पूर्ण दाबाच्या रसाची एक लहान बाटली तुलनेसाठी शेजारी ठेवली होती, तिच्यातला फरक घरातील लहान मुलांनाही न सांगता कळला.

प्रमाण असे : एक लिटर रस, दोन किलो साखर, एक लिटर पाणी. साखर-पाण्याचा पाक उकळून, गाळून पूर्ण गार झाल्यावरच रस मिसळावा. गरम पाकात घातलेला रस शिजका वास देतो. फ्रीजबाहेर काही महिने ठेवायचा असेल तर तयार स्क्वॅशच्या लिटरमागे साधारण 0.6 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून घालतात. हे अंदाजाने घालण्याचे काम नव्हे, त्यासाठी बारीक मापाचा काटा हवा. घरात कोणाला दमा असेल तर ते मुळीच वापरू नये. माझ्या मते त्या भानगडीत न पडता रस बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि वड्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकाव्यात. एका पेल्याला एक वडी पुरते, आणि येथे पूर्ण दाबाचा रस घेतला तरी फारसे बिघडत नाही, कारण पिळल्यावर लगेच गोठवल्याने कडूपणाला फारशी सवड मिळत नाही.

भाजण्याच्या पदार्थांत पिळणीचा उपयोग अर्धाच आहे, कारण केकला लिंबाचा वास देते ती साल, रस नव्हे. साल पिळण्याआधी किसून घ्यावी. पिळलेली मऊ साल किसणीवर टिकत नाही. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की किसणीचा दुसरा हात फिरवला की पांढरा, कडू भाग वर येतो. तेव्हा एका जागी एकदाच किसावे, आणि तो कीस साखरेत बोटांनी चोळावा, म्हणजे तेल साखरेत मुरते.

आमच्या घरी बिनअंड्याचा केक होतो तो असा : 180 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम कीस चोळलेली साखर, 200 ग्रॅम गोडसर दही, 80 मिलिलिटर तेल, अर्धा चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे रस. एवढ्या रसातील आम्लच तो अर्धा चमचा सोडा मारण्यास पुरते, त्यामुळे आणखी रस घालून केक अधिक ‘लिंबू’ करण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. मिश्रण फुगण्याऐवजी आंबट व दडस होते. आंबटपणा हवा असेल तर तो वरून द्यावा. केक 180 अंशांवर 35-40 मिनिटे भाजून बाहेर काढताच सुईने टोचे मारून पाव वाटी रसात विरघळवलेली साखर त्यावर ओतावी. पिळणीतून आलेले ते सालीचे तेल येथे खऱ्या अर्थाने कारणी लागते.

लेमन कर्डसाठी 100 मिलिलिटर रस, 160 ग्रॅम साखर, तीन अंडी आणि 80 ग्रॅम लोणी घेऊन, भांडे वाफेवर ठेवून, चमच्याला थर धरेपर्यंत सतत ढवळावे लागते. परदेशी कृतींत साखर याहून कमी दिसते. आपले लिंबू अधिक आंबट असल्यामुळे ती वाढवावी लागते. तेथे ‘एका लिंबाचा रस’ म्हटले असेल तर आपली दोन ते तीन लिंबे धरावीत. हे कर्ड स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच करावे आणि फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावे. कडक भाकरीच्या तुकड्यावर ते चांगले लागते, हे सनातनी सोलापूरकरांना पटणार नाही याची कल्पना आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत तक्रार नाही. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा एखादी वस्तू किती पाण्यात निघते याला येथे महत्त्व आहे. ही पिळणी लगेच विसळली तर तांब्याभर पाण्यात स्वच्छ होते, वाळू दिली तर भोकांत चोथा घट्ट बसतो आणि जुना दातब्रश घेऊन बसावे लागते. खीळ पुसून कोरडी करावी. सालीचे तेल हातांवर घेऊन उन्हात मात्र जाऊ नये. त्यातील काही द्रव्यांमुळे, ऊन लागल्यावर एक-दोन दिवसांत, कातडी भाजल्यासारखी लाल होऊन तिच्यावर काळपट डाग उठतात आणि ते काही आठवडे जात नाहीत. पिळणी तेल उडवते, म्हणून साबणाने मनगटापर्यंत हात धुवावेत.

दिवसाला दोन-चार लिंबे लागणाऱ्या घराने साडेपाचशे रुपये घालवण्याची गरज नाही. ज्यांच्या परसात झाड आहे आणि जे एका बैठकीत दोन-तीन किलो लिंबे संपवतात, त्यांच्यासाठी ही खरेदी रास्त आहे. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत, अर्धा खिळीसाठी आणि एक वाटीच्या मापासाठी कापून. दुकानात जाताना आपल्याच झाडाची दोन लहान लिंबे पिशवीत न्यावीत आणि अर्धी फोड वाटीत ठेवून पाहण्याची परवानगी मागावी. ती वाटीत हलत असेल तर लहान वाटीची पिळणी दाखवायला सांगावी. पुढे मांडलेली नसली तरी ती माळ्यावरच्या खोक्यात असण्याचा संभव असतो.